रिकाम्या बसचा हिशोब

सार्वजनिक वाहतूक पर्यावरणाला चांगली, हे आपण शाळेतल्या निबंधापासून लिहीत आलोय. ‘खासगी वाहनांचा वापर टाळावा’ या वाक्याला अर्धा गुण हमखास असायचा. पण चांगली म्हणजे नेमकी किती, कशामुळे, आणि कधी ती चांगली नसतेही, याचा हिशोब कोणी मांडून दाखवत नाही. तो आज मांडून बघू. कागद-पेन्सिल पुरेल, गुणाकार-भागाकाराच्या पुढे जायचं नाहीये.

सुरुवात पेट्रोलपासून. एक लिटर पेट्रोल वजनाला भरतं साधारण ७४० ग्रॅम. ते जाळलं की सुमारे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. पाऊण किलोतून सव्वादोन किलोच्या वर माल कसा निघाला? पहिल्यांदा हे वाचलं तेव्हा मला छपाईची चूक वाटली होती. पण चूक नाही. पेट्रोलमध्ये कार्बन असतो सुमारे ६४० ग्रॅम. जळताना त्याच्या प्रत्येक अणूला हवेतले ऑक्सिजनचे दोन अणू चिकटतात, आणि ते दोघे मिळून कार्बनपेक्षा कितीतरी जड. म्हणजे उरलेलं वजन टाकीतून नव्हे, हवेतून आलेलं असतं. डिझेल जरा जास्त घट्ट, त्याचे लिटरमागे सुमारे २.७ किलो होतात.

आता गाड्या. शहरात लिटरला १५ किलोमीटर जाणारी पेट्रोल कार धरा. २,३०० भागिले १५, म्हणजे किलोमीटरमागे साधारण १५३ ग्रॅम. आत एकटाच माणूस असेल (आणि सकाळी सिग्नलला शेजारच्या गाड्यांत डोकावलं तर बहुतेक एकटाच असतो) तर ते सगळे त्याच्या नावावर. लिटरला ४५ देणाऱ्या स्कूटरचे होतात ५१ ग्रॅम. आणि चार किलोमीटरला एक लिटर डिझेल पिणारी, धापा टाकत चढ चढणारी शहर बस? तिचे ६७५ ग्रॅम.

बस कारच्या चौपटीहून जास्त घाण करते! खरंच आहे. सिग्नलला बसच्या मागे उभं राहून तोंडावर धूर घेणाऱ्या स्कूटरवाल्याला बसचा राग येतो तो उगाच नाही. फक्त त्या धुराला भागायचं कशाने, हे त्याच्या डोक्यात नसतं. बसमध्ये ४५ माणसं असतील तर माणशी १५ ग्रॅम. एकट्याच्या कारचा दहावा हिस्सा, एकट्याच्या स्कूटरच्या तिसऱ्या हिश्शाहून कमी.

हाच भागाकार उलटा केला की जास्त गंमत आहे. एकट्याच्या कारला हरवायला बसमध्ये किती माणसं लागतात? पाच. फक्त पाच. मात्र एकट्याच्या स्कूटरला हरवायला चौदा लागतात, आणि स्कूटरवर दोघं असतील तर सत्तावीस. म्हणून परदेशात काढलेले बसचे फायदे पुण्या-कोल्हापूर-नाशिकला तसेच्या तसे लावता येत नाहीत. तिथे कार सोडणाऱ्याला बसमध्ये आणायचं असतं. आपल्याकडे पुष्कळदा दुचाकी सोडणाऱ्याला आणायचं असतं, आणि दुचाकी हा कार्बनच्या हिशोबात चिवट प्रतिस्पर्धी आहे. २०१८ साली पुण्यातल्या नोंदणीकृत वाहनांची संख्या शहराच्या लोकसंख्येच्या पुढे गेल्याच्या बातम्या आल्या होत्या. त्यात बहुसंख्य दुचाक्याच.

एसटीत याला एक छान शब्द आहे: भारमान. गाडीच्या क्षमतेपैकी किती टक्के भरून धावली, ते. महामंडळ तो शब्द उत्पन्नासाठी वापरतं, पण पर्यावरणाचा सगळा हिशोबही त्याच एका शब्दावर उभा आहे. बस डिझेलची की सीएनजीची की विजेची, हा प्रश्न त्यानंतरचा. अर्धी रिकामी इलेक्ट्रिक बस ही छान बातमी असेल, छान वाहतूक नव्हे.

लोकलपाशी आलं की मात्र आकडे एकदम वेगळ्या गावचे होतात.

हातचं राखून धरू: बारा डब्यांची लोकल किलोमीटरमागे ३० युनिट वीज घेते असं माना. आपल्या देशात अजून बरीचशी वीज कोळशाची, त्यामुळे एका युनिटमागे साधारण ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड. म्हणजे २१ किलो. आत दोन हजार माणसं धरली तर माणशी साडेदहा ग्रॅम. आणि सकाळी साडेआठला डोंबिवलीहून सुटलेल्या फास्ट लोकलमध्ये दोन हजारांवर थांबणारा हिशोब कुठल्याही डोंबिवलीकराला हसू आणेल. चार हजार धरा, पाच ग्रॅम होतात. कोळशाच्या विजेवर चालूनसुद्धा.

हे कसं जमतं? पहिलं कारण चाकात आहे. रबरी टायर रस्त्यावर टेकतो तिथे चपटा होतो, पुन्हा फुगतो, पुन्हा चपटा होतो. या मळण्यात इंधन जातं. पोलादी चाक पोलादी रुळावर जवळजवळ चपटं होतच नाही. तेवढंच वजन ढकलायला रुळावर लागणारा जोर रस्त्यावरच्या साधारण दहाव्या हिश्शाएवढा. (त्याची किंमतही आहे: पकड कमी, म्हणून गाडी लवकर थांबत नाही. रूळ ओलांडणाऱ्यांनी हे रोज विसरायचं ठरवलेलं असतं.)

दुसरं कारण ब्रेकमध्ये आहे. कार थांबवताना आपण काय करतो? पेट्रोल जाळून कमावलेला सगळा वेग ब्रेकच्या घर्षणात उष्णता करून उडवून देतो. पुढच्या सिग्नलला पुन्हा तेच. मुंबईत २००७ पासून आलेल्या नव्या लोकल गाड्यांमध्ये मोटरमन ब्रेक लावतो तेव्हा चाकं फिरवणारी मोटरच उलट काम करते, जनित्र होते, आणि गाडीचा वेग विजेच्या रूपात वरच्या तारेत परत जातो. याला रिजनरेटिव्ह ब्रेकिंग म्हणतात. त्यातून तीस टक्क्यांच्या आसपास वीज परत मिळते. पण तारेत टाकलेली वीज घ्यायला त्याच वेळी कोणीतरी हवं ना? इथे मुंबईची गर्दी कामाला येते. स्टेशनं दीड-दोन किलोमीटरवर, गाड्या तीन-चार मिनिटांच्या अंतराने. एक गाडी दादरला थांबत असते तेव्हा दुसरी कुठेतरी जवळच सुटत असते. थांबणारी सुटणारीला हात देते. दिल्ली मेट्रोला याच तंत्रासाठी संयुक्त राष्ट्रांच्या व्यवस्थेतून कार्बन क्रेडिट (वाचवलेल्या कार्बनचं विकता येणारं प्रमाणपत्र) सुद्धा मिळालं. असं मिळवणारी ती जगातली पहिली रेल्वे.

आपली लोकल या बाबतीत भलतीच जुनी खेळाडू. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी देशातली पहिली विजेवरची गाडी धावली ती मुंबईत, व्हिक्टोरिया टर्मिनस ते कुर्ला, हार्बर मार्गावरून. तेव्हा कोणाच्या मनात हवामानबदल नव्हता. वाफेच्या इंजिनाला उपनगरी गर्दी आवरेना, म्हणून वीज आली. शंभर वर्षांनी आपण ‘इलेक्ट्रिक वाहन’ हा शब्द नव्या कपड्यासारखा मिरवतो, आणि रोज माणसांचे साठ-सत्तर लाख प्रवास त्याच जुन्या इलेक्ट्रिक वाहनातून होतात.

तरीही लोकलच्या त्या पाच ग्रॅमचं कौतुक करताना माझी जीभ अडखळते. तो आकडा इतका लहान होतो, कारण खाली भागायला माणसं कोंबलेली आहेत. दारात लटकणारी, एका पायावर उभी, श्वास घ्यायला मान वर करणारी. ९ जून २०२५ ला मुंब्र्याजवळ धावत्या गाड्यांतून माणसं पडली, ती याच भागाकारातली होती. दोन हजार माणसांनी नीट उभं राहून केलेले साडेदहा ग्रॅम मला चालतील. पाचचा हट्ट नको.

बरं, आतापर्यंत आपण सरासरी काढत होतो. तुमच्यापुरता प्रश्न वेगळा असतो: उद्या सकाळी मी कार काढू की बसने जाऊ? बस तर जाणारच आहे. दहा टनांच्या वर वजनाच्या गाडीत तुमचे सत्तर किलो पडल्याने डिझेलचा काटा हलल्याचं कोणाला कळणारही नाही. म्हणजे तुमच्या एका चढण्याने वाचतात ते जवळजवळ पूर्ण १५३ ग्रॅम. दहा किलोमीटर जाणं, दहा किलोमीटर येणं, दिवसाला तीन किलो वायू. तीन किलो म्हणजे किती ते डोळ्यांसमोर येत नाही, म्हणून आकारमान सांगतो: घरातली दोन मोठी लोखंडी कपाटं काठोकाठ भरतील इतका. रोज. ती कपाटं रस्त्यावर रांगेने उभी दिसली असती तर महापालिकेनेच ओरडून कार बंद पाडल्या असत्या. वायू दिसत नाही, ही त्याची सोय आहे.

कार्बन डायऑक्साइड जगाच्या हवेचा प्रश्न झाला. आपल्या गल्लीचा प्रश्न वेगळा: सूक्ष्म धूलिकण आणि नायट्रोजनची ऑक्साइडं. त्यांत दूर कुठे पसरून विरळ होण्याचा दिलासा नाही. ते सायलेन्सरच्या उंचीवर, म्हणजे बाबागाडीच्या उंचीवर सुटतात. १ एप्रिल २०२० पासून देशात बीएस-६ (धुराच्या कडक मर्यादा घालणारं मानक) इंधन आणि गाड्या आल्या, डिझेलमधलं गंधक दहा लाखांत ५० भागांवरून १० वर आलं, धूर खरोखर कमी झाला. पण गाडीची सगळी घाण धुराड्यातून येत नाही. टायर झिजतात, ब्रेकचे पॅड झिजतात, रस्त्यावर बसलेली धूळ प्रत्येक चाक पुन्हा हवेत उडवतं. आपल्या शहरांतल्या धुळीत या उडवलेल्या धुळीचा वाटा मोठा आहे. इलेक्ट्रिक कारने धुराडं जातं, टायर राहतात, उलट बॅटरीच्या वजनाने ते जास्तच दाबले जातात. धूळ कमी करायची तर चाकंच कमी व्हायला हवीत. ४५ माणसांमागे बसची सहा चाकं, की ४५ कारची एकशे ऐंशी?

आणि जागा. माझ्या मते सार्वजनिक वाहतुकीचा सगळ्यात मोठा पर्यावरणीय फायदा हा आहे, आणि त्याची सर्वात कमी चर्चा होते. उभी केलेली कार अडीच मीटर बाय पाच मीटर जागा अडवते. साडेबारा चौरस मीटर, म्हणजे १३५ चौरस फूट. मुंबईतल्या बीडीडी चाळीतली खोली १६० चौरस फुटांची, त्यात आख्खं कुटुंब राहायचं. शिवाय गाडी आत-बाहेर काढायला वाट लागते, ती धरली की हा आकडा दुप्पट होतो. आणि एका गाडीला एक जागा पुरत नाही: एक घरी, एक ऑफिसात, तिसरी मॉलमध्ये. दिवसातले बावीस-तेवीस तास ती नुसती उभी असते.

ही जागा कुठून आली? कुठल्याही जुन्या सोसायटीत जाऊन बघा. मागच्या अंगणात कधीतरी नारळ, जास्वंद आणि चिखल होता. मग पेव्हर ब्लॉक बसले. पावसाचं पाणी आधी तिथेच जिरायचं, आता ते उताराने रस्त्यावर येतं, रस्ता तुंबतो, आणि उन्हाळ्यात त्याच सोसायटीला टँकर लागतो. तापलेला डांबर आणि काँक्रीट रात्रीही उष्णता सोडत राहतं, मग खिडकीतला एसी सुरू होतो. यातला एकही परिणाम प्रदूषणाच्या दाखल्यावर लिहिलेला नसतो. गाडी पेट्रोलची असो की विजेची, अंगण सारखंच जातं.

रेल्वेने शहराला जो आकार दिला तोही याच हिशोबात धरायला हवा. ठाणे, मुलुंड, डोंबिवली ही स्टेशनच्या भोवती वाढलेली वस्ती. बाजार, शाळा, दवाखाना, क्लास चालत जाण्याच्या अंतरात. संध्याकाळी गाडीतून उतरलेली बाई स्टेशनबाहेर भाजी घेते, पोळीभाजी केंद्रावरून काहीतरी उचलते आणि चालत घरी जाते. तिच्या तीन कामांना वेगळी गाडी लागली नाही. याउलट पुण्याजवळचं हिंजवडी. आधी आयटी पार्क, मग टॉवर, मग कोंडी, आणि मेट्रो हाती घेतली ती वीसेक वर्षांनी. तिथे दूध आणायलाही स्कूटर निघते. ट्रेनने वाचवलेला कार्बन मोजताना आपण फक्त ट्रेनमधला प्रवास मोजतो. स्टेशनमुळे करावाच न लागलेला प्रवास कुठल्याच तिकिटावर छापलेला नसतो.

आता थोडं कडू. मेट्रो बांधताना प्रचंड सिमेंट आणि पोलाद लागतं, आणि दोन्ही बनवताना भरपूर कार्बन सुटतो. मेट्रो पहिल्या दिवशी कर्ज डोक्यावर घेऊनच धावू लागते. मुंबईच्या ३३.५ किलोमीटरच्या भुयारी मेट्रो-३ च्या कारशेडसाठी ऑक्टोबर २०१९ मध्ये आरेतली दोन हजारांहून जास्त झाडं रात्रीतून सुरू करून पाडली गेली, तो वाद पर्यावरण विरुद्ध पर्यावरण असाच होता. हे कर्ज फिटतं ते प्रवाशांनी. रिकाम्या डब्यांनी नाही. म्हणून प्रत्येक नव्या मार्गाच्या उद्घाटनाला विचारायचा प्रश्न एकच: आता आत बसलेला माणूस आधी कशाने जात होता? कारने जात असेल तर उत्तम. स्कूटरने असेल तर बरं. बसने जात असेल तर जेमतेम. आणि चालत किंवा सायकलने जात असेल तर त्याची सोय झाली, हवेचा फायदा शून्य. सायकलींचं शहर म्हणून मिरवलेल्या पुण्याने हा प्रश्न जरा जास्तच प्रामाणिकपणे विचारायला हवा.

आणखी एक खोच. दहा कारवाले मेट्रोत गेले की रस्ता मोकळा होतो, आणि मोकळा रस्ता बघून घरी बसलेले नवे दहा बाहेर पडतात. रस्ता रुंद केला तरी हेच होतं. म्हणून मोकळी झालेली जागा लगेच बसच्या मार्गिकेला, पदपथाला देऊन टाकावी लागते. नाहीतर फायदा काही वर्षांत विरघळतो.

मग माणूस बसमध्ये येतो कशाने? स्वस्ताईने येतो, हे दिसलंय. जुलै २०१९ मध्ये बेस्टने किमान भाडं पाच रुपये केलं आणि गर्दी झपाट्याने वाढली. (मे २०२५ मध्ये ते दहा झालं.) पण दुचाकीवाल्याला पैशांपेक्षा जास्त बोचतं ते थांब्यावर उभं राहणं. दहा मिनिटांनी बस येत असेल तर वेळापत्रक बघायची गरज नसते, चाळीस मिनिटांनी येत असेल तर ती बस नसून नशीब असतं. फेऱ्या कमी, म्हणून प्रवासी कमी, म्हणून उत्पन्न कमी, म्हणून फेऱ्या आणखी कमी. या चक्रात सापडलेल्या बसला कुठलंही इंधन वाचवू शकत नाही.

इथे माझ्यावरच एक आक्षेप येतो. वर मीच म्हणालो, सगळा खेळ भारमानाचा. मग रात्री पावणेअकराची ती शेवटची बस बंदच करायला हवी, नाही का? आत तीन प्रवासी. ड्यूटी संपवून निघालेली नर्स, गाडीवरची भांडी घेऊन परतणारा वडापाववाला, अभ्यासिकेतून निघालेला एक मुलगा. ६७५ भागिले तीन, माणशी २२५ ग्रॅम. कारपेक्षाही वाईट. बैठकीत कोणीतरी हा आकडा दाखवतो आणि फेरी कागदावरून पुसली जाते.

तर शेवटचा भागाकार. ती फेरी रद्द केली की किलोमीटरमागे ६७५ ग्रॅम वाचतात. (तेही पूर्ण नाहीत, कारण शेवटच्या फेरीची बस डेपोकडेच निघालेली असते, रिकामी का होईना, ती जाणारच.) पण रात्री परतीची खात्री गेली, की माणूस सकाळीच स्कूटर काढतो. जाताना ५१, येताना ५१. सात जणांनी असं केलं की वाचवलेलं सगळं गेलं. त्यात नेहमी उशीर होणारेच असतील असं नाही. कधीतरी उशीर होईल या धास्तीने हप्त्यावर गाडी घेतलेलेही असतील, आणि हप्ता सुरू झाला की सकाळची भरलेली बसही सुटते. कार काढली तर सातही लागत नाहीत. तीन पुरतात. त्या बसमध्ये होते तेवढेच.